तांदळाच्या कोठीतलं पिस्तूल

केज, १ ऑक्टोबर

ती. मामा,

पाकीट पाहून दचकू नका, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनच केला असता, पण फोनवर 'जेवलीस का' याच्या पुढं बोलायचं नाही हा तुमचाच दंडक. तुमच्या ढाब्यावर लोक स्पीकर लावून बोलतात आणि तुम्हाला गल्ल्यावर बसून अख्ख्या जिल्ह्याची खबर मिळते, तेव्हा तुम्ही फोनला भिता यात नवल नाही. म्हणून रोज ढाब्यावरून जाणाऱ्या अंगदच्या जीपनं हे पाठवतेय. आत मामीसाठी ब्लाउजचं माप आहे असं त्याला सांगितलंय, म्हणजे तो उघडणार नाही.

झालं असं. आज खंडेनवमी. उद्या दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आल्यानं शाळेतलं पूजन आजच उरकायचं ठरलं. मीच वर्गावर्गात जाऊन सांगितलं होतं, "ज्याचं घर ज्या वस्तूवर चालतं ती घरून आणा, आपण तिची पूजा करू." पोरांनी हौसेनं आणलं. शिंप्याच्या पोरानं कात्री, किराणावाल्याच्या पोरीनं तराजू, कुणी खुरपं, कुणी थापी. ऊसतोडीच्या घरच्या पोरांनी कोयते आणले. दसरा झाला की त्यांची बिऱ्हाडं निघणार, म्हणून घासूनपुसून आणले होते. उद्यासाठी गांधीजींचा फोटो आधीच काढून ठेवला होता. सगळं त्याच्याच पुढं मांडलं.

पाचवीतल्या राजनंदिनीनं पिवळ्या कापडात बांधलेलं काहीतरी आणलं. ही आपल्या संस्थेच्या अध्यक्षांची, भगवानरावांची नात. कापड चारी बाजूंनी शिवलेलं, गोधडीला घालतात तसे बारीक, एकसारखे टाके. आमच्या खिचडी करणाऱ्या मनकर्णाबाईंनी शिंप्याचीच कात्री घेऊन टाके उसवले, आतली वस्तू मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बाई, हे खेळणं लई जड हाय."

मामा, ते पिस्तूल होतं. खरं.

मी राजनंदिनीला विचारलं, "हे काय आणलंस?" ती सरळ म्हणाली, "आमचं घर यावरच चालतंय. आजोबा सगळ्यांला तसंच सांगत्यात." पोरं हसली नाहीत. त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. वर ती म्हणाली, "पूजा झाली की तुमीच उचला मॅडम, मला हात लावायचा न्हाई." म्हटलं, एवढी तरी समज आहे पोरीला.

मी आरती पुरी केली.  मग ते कापडात गुंडाळून पोषण आहाराच्या तांदळाच्या कोठीत पुरलं. अख्ख्या शाळेत चांगलं कुलूप तेवढ्या एका खोलीला आहे.

आता खरी अडचण. पोरं पिस्तुलं घेऊन रील काढायला लागल्यापासून आमच्यावर नवा नियम आलाय. शाळेच्या आवारात बंदूक, पिस्तूल दिसलं किंवा कुणी त्याची धमकी दिली, तर मुख्याध्यापकानं दोन दिवसांत पोलिसांना आणि शिक्षण कार्यालयाला लेखी कळवायचं. नाही कळवलं तर मुख्याध्यापकच जबाबदार. म्हणजे परवा शाळा सुटेपर्यंत मला कळवायला हवं. आणि मी तर अजून प्रभारी. कायम करण्याचा प्रस्ताव भगवानरावांच्या सहीसाठी त्यांच्याच टेबलावर पडलाय. कळवलं तर ते मला ठेवणार नाहीत, न कळवलं तर सरकार ठेवणार नाही.

तुम्ही काय केलं असतं?

तुमची
वर्षाराणी


मांजरसुंबा, १ ऑक्टोबर, दिवेलागण

चि. वर्षे,

ब्लाउजचं माप पोचलं. मामीनं वाचलं आणि म्हणाली, गळा फारच खोल आहे.

आधी तू घाबरू नको. मी या फाट्यावर चहाची गाडी लावली तेव्हा माझ्याकडं दोन किटल्या आणि हे दोन कान एवढंच भांडवल होतं. किटल्या फुटल्या, कान अजून शाबूत आहेत. तर ऐक.

तुझ्या पाकिटाच्या आधीच बातमी इथं येऊन शेवभाजी खाऊन गेली. दुपारी भगवानरावांचा ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार कोपऱ्यातल्या टेबलावर बसले होते. तात्या, म्हणजे तुझे अध्यक्ष, सकाळपासून घर उपसतायत असं त्यांचं चाललेलं.

"पूजेला काढायला गेले आन् कपाट रिकामं."

"मंग पोलिसात सांगा की."

"येडा हायस का बे? परवान्याचं पिस्तूल हरवलं म्हणून सांगितलं तर आदी परवानाच जातो. तात्या म्हणतेत पुतण्यानं रील काढाया नेलं असंल. त्याला सकाळधरनं उलटा टांगायचा बाकी हाय."

म्हणजे त्यांना माहीत नाही की ते तुझ्या तांदळात निजलंय. ही आपली जमेची बाजू.

आता माझं ऐक. पोर लहान. घरात वर्षानुवर्षं खंडेनवमीला पिस्तुलाला कुंकू लागतं, तिनं तेच शाळेत केलं. चूक म्हणावी तर तुझी थोडी, कारण या भागात 'घर कशावर चालतं' असं कुणाला तोंडावर विचारू नये, लोक खरं सांगतात. यात गुन्हा कुणाचाच नाही. मग कागद कशाला काळा करायचा?

उद्या दसरा. संध्याकाळी सगळं गाव एकमेकांकडं सोनं द्यायला जातं, तशी तूही भगवानरावांकडं जा. आपट्याची पानं वर, मिठाईचा डबा खाली, आणि डब्यात ते. वहिनींच्या हातात दे, म्हण, "पोरीचं शाळेत राहिलं होतं." भगवानराव माणूस कसाही असला तरी उपकार विसरत नाही. तुझी सही त्याच रात्री होईल. आणि कुणी विचारलंच, तर कागदावर 'खेळण्यातली वस्तू' असं लिहून मोकळी हो. मनकर्णाबाई तसंच म्हणाली होती ना? साक्षीदारही तयार आहे.

एक मात्र कर. त्यात गोळ्या आहेत का, हे स्वतः बघायला जाऊ नको. डबा आडवा धर.

सोबत मामीनं कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली आहे.

तुझा मामा
ईश्वरप्पा


केज, ३ ऑक्टोबर, सकाळ

ती. मामा,

भाकरी कालच संपल्या. तुमचा सल्ला मात्र मला अर्धाच गिळता आला.

सोनं द्यायला गेले, पण डबा नेला नाही. दुसऱ्याचं पिस्तूल पिशवीत घालून मी गावातून चालले आणि वाटेत पोलीस ठाण्यातले हनुमान जमादार भेटले, तर त्यांच्या हातात कुठलं सोनं ठेवू? म्हणून पानं तेवढी घेऊन गेले. म्हटलं, आधी घरातलं हवामान बघू.

भगवानराव दिवाणखान्यात बसले होते. "या मॅडम, या. सोन्यासारखं ऱ्हावा." मग इकडचंतिकडचं झालं. मग म्हणाले, "तुमचा प्रस्ताव माज्या टेबलावरच हाय. सही काय, कवाबी करता येती. माणूस आपलं हाय का न्हाई, एवढंच बघायचं ऱ्हातं." मी चहा पीत राहिले. थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता म्हणाले, "घरातली वस्तू घरातच शोभती. कुणाला घावली आन् त्यानं माघारी आणून दिली, तर आमी त्याला इसरत न्हाई." म्हणजे त्यांना वास लागलाय मामा. पुतण्या उलटा टांगूनही बोलला नसणार.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात एक ताट पडलं. स्टीलचं, फरशीवर. मी नुसती दचकले. पण राजनंदिनी आणि तिचा चुलतभाऊ, दोघं माझ्या समोरून उठले आणि जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसले. रडणं नाही, ओरडणं नाही. हातात लाडू होते, ते खाली बसून खात राहिले. जशी शाळेची घंटा झाल्यावर पोरं रांगेत उभी राहतात, तसं. भगवानराव खो खो हसले. "बगा मॅडम, आमची पोरं कशी तयार हायत."

हसणं ऐकून मी वर पाहिलं. त्यांच्या दिवाणखान्यात कॅलेंडर छताला लागूनच्या भिंतीवर टांगलंय. तिथली तारीख वाचायला शिडी लागेल. पंख्याच्या वाऱ्यानं ते हललं तेव्हा मागचं भोक दिसलं. त्याच्या शेजारी छतात आणखी एक, पुट्टी भरलेलं. राजनंदिनी मला सोडायला अंगणात आली, तेव्हा मी सहज विचारलं. ती म्हणाली, "आजोबांला आनंद झाला की करत्यात. निवडणुकीला एक, काकाच्या बाळाच्या बारशाला एक. आता तेजश्रीआत्याची हळद हाय तुळशीच्या लग्नानंतर." एवढं बोलून ती कान खाजवायला लागली.

निघताना वच्छलाबाईंनी, म्हणजे तिच्या आजीनं, माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि हात सोडलाच नाही. घट्ट धरून म्हणाल्या, "शाळेचं जे काय असंल, ते शाळेच्या रीतीनं करा बाई. आमच्या घरच्या रीतीनं करू नका." चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.  म्हणजे त्यांनाही ठाऊक आहे, आणि त्या मला बजावतायत, की कळव बघू, मग आमच्या घरची रीत काय असते ते दाखवतो.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं रात्री 'खेळण्यातली वस्तू आढळली, पालकांना परत केली' असं लिहून ठेवलंय. पण सही होत नाहीये. पेन कागदाला टेकवलं की ती दोन पोरं लाडू घेऊन टेबलाखाली बसलेली दिसतात.

अंगद परत येईपर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, वाट बघते. नाही काही आलं, तर तुमच्या सल्ल्यावर सही करेन आणि पुन्हा कधी आरशात बघणार नाही.

वर्षाराणी


मांजरसुंबा, ३ ऑक्टोबर

चि. वर्षे,

सही करू नको. तो कागद चुलीत घाल. मी मूर्ख आहे, आणि हे मी मामीच्या समोर बसून लिहितोय, तेव्हा खोटं असणं शक्य नाही.

तुझं पत्र मी, ढाब्यावर गिऱ्हाईक नसताना, गल्ल्यावर मोठ्यानं वाचत होतो. मामी कोथिंबीर निवडत होती. वच्छलाबाईंचं बोलणं आलं तसे तिचे हात थांबले. म्हणाली, "अवो, ती वच्छलाबाई पोळ्याच्या सुमाराला हितं जेवायला थांबली होती. देवीला जाऊन येत होते समदे. पुरुष बाहीर, आमी बायका आत बसलोतो. तिनं मला इचारलं, शाळेला असलं काय घावलं की सरकारला सांगावंच लागतंय म्हणं, खरं का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणलं, लागतंय तर. आन् आमची वर्षा तर नखाएवढं बी सांगितल्याबिगर ऱ्हायाची न्हाई. मंग ती म्हणली, आन् सरकार ते माघारी देतं का?"

"मग?"

"मी म्हणलं, सरकारनं घेतलेलं कवा माघारी दिलंय."

आता बोल. तीस वर्षं मी या ढाब्यावर कान लावून बसलोय. कोण कुणाला तिकीट देणार, कुणाची सोयरीक मोडणार, सगळं मला आधी कळतं. पण बायकांच्या पडद्यामागच्या टेबलावर काय बोलतात ते मला आजवर ऐकू आलेलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

आता सगळं उलटं लावून बघ. ते टाके. गोधडीचे, एकसारखे, चारी बाजूंनी. दहा वर्षांची पोर असे टाके घालेल का? पोरीनं वाटेत उघडू नये म्हणून कुणीतरी ते शिवून दिलंय. 'मॅडम, तुमीच उचला, मला हात लावायचा न्हाई', हेही कुणीतरी पढवलेलं. त्या बाईनं नवऱ्याला कैक वेळा सांगून पाहिलं असेल. जाऊबाईच्या, सुनेच्या तोंडून सांगितलं असेल. तात्या हसला असेल, जसा काल हसला. आता हळदीला आनंद व्हायच्या आत तिनं काय केलं, तर तू खंडेनवमीला 'घर ज्यावर चालतं ते आणा' म्हणालीस, त्यात तिला वाट दिसली. घरातून ते बाहेर काढलं, नातीच्या हातून, देवाच्या नावानं. कुणाला संशय येऊ नये असं. आणि कुणाच्या हाती दिलं, तर जिला कळवणं भाग आहे तिच्या.

तुला तिनं धमकी दिली नाही गं. हात धरून विनवलं. 'घरच्या रीतीनं करू नका' म्हणजे, माझ्या घरी परत आणू नका.

तेव्हा कळव. आजच, शाळा सुटायच्या आत. खोटं एक अक्षर लिहू नको आणि खरंही गरजेपेक्षा जास्त लिहू नको. टाक्यांचं काही लिहू नको. 'अध्यक्षांच्या घरून खंडेनवमीच्या पूजेसाठी आलेलं पिस्तूल शाळेनं सुरक्षित ठेवलं आहे, नियमाप्रमाणे ताब्यात घ्यावं', बस्स.

तुझ्या प्रस्तावाचं काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित नोकरी जाईल. गेली तर ढाब्याचा हिशेब बघायला ये, इथं कायम करायला कुणाची सही लागत नाही.

ईश्वरप्पा


केज, ७ ऑक्टोबर

ती. मामा,

कळवलं. तीन तारखेला साडेचारला अर्ज दिला आणि पाचला जमादार आले. बरोबर पंच म्हणून किराणावाले आणि पोस्टमन.

पंचनामा कोठीत झाला. मनकर्णाबाईंनी तांदळात हात घालून ते काढलं आणि जमादारांपुढं धरलं. त्यावरचं कुंकू वाळून तांदूळ चिकटलेले. जमादार म्हणाले, "मावशी, हे कुणी केलं?" मनकर्णाबाई म्हणाल्या, "मी केलं. फूल बी मीच वाहिलं. आरती मॅडमनं केली." जमादारांनी तसंच लिहून घेतलं. आता सरकारी कागदात आहे की प्रभारी मुख्याध्यापिकेनं पिस्तुलाची आरती केली.

नळी उघडून बघितली तर रिकामी. गोळ्यांचा कप्पाच नव्हता. तो पोलिसांना भगवानरावांच्या घरी कपाटात सापडला, साड्यांच्या घडीखाली. जमादारांनी वच्छलाबाईंना विचारलं, हा इथं कसा? त्या म्हणाल्या, "मला बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं. काडेपेटी असंल म्हणलं." तुम्ही म्हणता ते खरं आहे मामा. भरलेलं त्यांनी नातीच्या दप्तरात घातलंच नसतं.

परवाना तूर्त थांबवलाय आणि पिस्तूल ठाण्यात जमा आहे. हळद होईपर्यंत तरी ते सुटणार नाही असं जमादार म्हणाले.

काल भगवानराव शाळेत आले. मी उभी राहिले. ते बसले नाहीत. भिंतीवरचे फोटो बघत म्हणाले, "मॅडम, मला एक फोन करायला काय झालतं?" मी म्हणाले, "साहेब, नियमात तसं नव्हतं." ते म्हणाले, "नियम." एवढाच शब्द. मग म्हणाले, "तुमच्या प्रस्तावाचा कागद काय घावंना झालाय. उंदीर लई झालेत." आणि गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरी बाई आणणार असं सगळे बोलतायत.

राजनंदिनी रोज येते. तिला कुणी काही बोललेलं दिसत नाही. आज तिनं मला विचारलं, "मॅडम, ते कोठीत हाय का अजून?" मी नाही म्हणाले. तिनं मान हलवली आणि खेळायला गेली.

मी पश्चात्ताप करत नाहीये. पण घरी सांगायचं कसं ते कळत नाही. ढाब्याचा हिशेब मला जमेल का हो?

वर्षाराणी


मांजरसुंबा, १५ ऑक्टोबर

चि. वर्षे,

हिशेब जमवायची गरज पडेल असं वाटत नाही. कसं ते सांगतो, आणि हे वाचताना चहा तोंडात धरू नको.

काल दुपारी भगवानराव इथं जेवायला थांबले. बरोबर सहा-सात कार्यकर्ते, आणि नशिबानं शेजारच्या टेबलावर बीडचा एक वार्ताहर भाकरी मोडत बसला होता. तात्या बसले तर कंबर सारखी चाचपत होते. सवयीची वस्तू गेली की माणसाला चष्मा हरवल्यासारखं होतं. चेहरा उतरलेला. बरोबरची पोरं गप्प. कारण काय बोलावं हेच कुणाला कळत नव्हतं. अध्यक्षाचं पिस्तूल त्याच्याच शाळेनं पोलिसात दिलं, यावर हसावं की भडकावं, हे आधी तात्यानं ठरवायचं होतं, आणि तात्यानं अजून ठरवलं नव्हतं.

मी ठरवून टाकलं.

ताकाचा तांब्या घेऊन मी स्वतः गेलो आणि ढाब्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "तात्या, कमाल केली तुमी."

तात्यानं मान वर केली. "कशाची?"

"कशाची म्हणून काय इचारता? गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी, नातीच्या हातानं, हत्यार शाळेत जमा केलं. आन् ते बी कुणाला न सांगता. ह्या जिल्ह्यात हाय का कुणाची छाती?"

वर्षे, टेबलावर असा शुकशुकाट झाला की फोडणी ऐकू आली. तात्या माझ्याकडं बघतायत, मी ताक ओततोय. माणूस हुशार आहे, नाहीतर इतकी वर्षं अध्यक्ष राहिला नसता. मी दार उघडून धरलंय आणि आत जायचं की नाही, हे त्यांना त्या एका ग्लासात ठरवायचं होतं. वार्ताहराची भाकरी हातातच राहिली.

तात्यानं ताक संपवलं. मिशी पुसली. म्हणाले, "मनात लई दिवसांपास्नं होतं ईश्वरप्पा. गाजावाजा करायचा नव्हता."

कार्यकर्त्यांना एवढंच हवं होतं. एक म्हणाला, "तात्या म्हंजे तात्या." दुसऱ्यानं तर तिथंच फोन काढून लिहायला घेतलं. वार्ताहर वही घेऊन या टेबलावर आला. तात्या मग खुलले. लेकरांच्या हाती पाटी पाहिजे, असं काहीबाही बराच वेळ बोलले. ड्रायव्हर तेवढा खाली मान घालून जेवत होता, पुतण्याला कुणी टांगलं होतं ते त्याला माहीत.

सगळं झाल्यावर मी बडीशेप पुढं केली आणि म्हणालो, "तात्या, एक ऱ्हायलं. एवढं इश्वासानं ज्या बाईच्या हवाली केलं, ती बाई अजून प्रभारी कशी? उद्या पेपरात तिचं नाव येणार. प्रभारी म्हणून बरं दिसत न्हाई."

तात्या माझ्याकडं असे बघत राहिले, की वाटलं, पिस्तूल ठाण्यात आहे ते बरं आहे. मग हसले. हे हसणं खरं होतं. म्हणाले, "ईश्वरप्पा, तुमची भाची ना ती?"

मी म्हणालो, "हो."

"तरीच," म्हणाले, आणि उठले.

वच्छलाबाईंबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, आणि तूही कधी काढू नको. ते त्यांचं त्यांच्याकडं.

मामीचं म्हणणं, हे सगळं तिनं घडवलं. पोळ्याला तिनंच सगळं सांगितलं म्हणून. मी वाद घातला नाही. पडद्यामागच्या टेबलावर एक खुर्ची माझ्यासाठी ठेवशील का विचारलं, तर नाही म्हणाली.

ईश्वरप्पा


केज, २६ ऑक्टोबर

ती. मामा, ती. मामी,

दिवाळीला आले नाही म्हणून रागावू नका. प्रस्ताव सही होऊन शिक्षण कार्यालयात गेलाय. भगवानरावांनी सुट्टी लागायच्या दिवशी शाळेत माझा सत्कार केला, शाल घातली आणि पोरांपुढं बोलताना 'मी आणि मॅडमनं मिळून ठरवलं' असं म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. फोटो छापून आलाय, मनकर्णाबाई त्यात अर्ध्या दिसतात. त्यांना अख्खं यायचं होतं.

वच्छलाबाई मागं बायकांत बसल्या होत्या. सत्कारानंतर मी मुद्दाम त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "ते पिवळं कापड माझ्याकडंच राहिलंय, पोलिसांनी नेलं नाही. परत देऊ का?"

त्या म्हणाल्या, "असू द्या शाळेला. फळा पुसाया होईल." आणि चपला शोधायला लागल्या.

परवा बाजारात राजनंदिनी भेटली. पिशवी भरून फटाके, आजी बरोबर. मला जरा नवल वाटलं. मी म्हटलं, "काय गं, तुला आवाजाची भीती नाही वाटत?"

"वाटायची," ती म्हणाली. "आता आवाज झाला तर फटाकाच असतोय."

तुमची
वर्षाराणी